ठरलेला भाव आणि न्याय्य भाव

सकाळची मिस्सा आटोपून आम्ही निवासात परततो, तेव्हा टेबलावर वाफाळणाऱ्या कॉफीचा कप आमची वाट पाहत असतो. आपल्याकडे घराघरांतून पहिला मान चहाचा. कॉफी व्हायची ती पाहुण्यासाठी किंवा जागरणाच्या रात्री, दुधात उकळून, वर जायफळ किसून. अशा साध्या पेयावर एका धर्मगुरूने लेखणी उचलावी याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु २०२५ साली याच कपाने आमच्यापुढे एक प्रश्न उभा केला. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला तो आम्ही पुस्तकातून शिकलो होतो, परीक्षेत त्याचे उत्तर लिहून बरे गुणही मिळवले होते. मात्र तो एक दिवस आमच्याच टेबलावर येऊन बसेल असे कधी वाटले नव्हते.

प्रश्न असा. दोन पक्षांनी राजीखुशीने एखाद्या वस्तूचा भाव ठरवला, म्हणजे तो भाव न्याय्य झाला काय? आणि पुढे परिस्थिती पालटून एकाचे नुकसान होऊ लागले, तर दुसऱ्याने केवळ शब्दावर बोट ठेवून स्वस्थ बसावे काय?

हकीकत थोडक्यात सांगतो. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण नोकरीनिमित्त बंगळूरला राहतो. त्याची चिकमंगळूर जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबाशी ओळख झाली. पाच एकरांचा कॉफीचा मळा. नवरा-बायको, वृद्ध वडील आणि कॉलेजात शिकणारी मुलगी, एवढेच कुटुंब. घरची बोली कोंकणी, त्यामुळे बोलणे सोपे गेले. या कुटुंबाची उत्तम प्रतीची कॉफी गावच्या व्यापाऱ्याकडे इतर सगळ्या मालात मिसळून जाते, तिचे वेगळे मोल कोणी करीत नाही, हे ऐकून त्या तरुणाने आम्हांला सुचवले की, फादर, आपणच ती थेट का घेऊ नये? २०२३ च्या नाताळापूर्वी आमच्याकडील पस्तीस कुटुंबे तयार झाली. त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा पाचवा हिस्सा अधिक असा दर ठरला. तीन हंगाम तोच दर चालेल असे कागदावर लिहिले गेले आणि त्यावर आम्ही सही केली. त्या सहीचा आम्हांला थोडा अभिमानही वाटला, हे येथे कबूल केलेले बरे.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दिवसांत आम्ही तेथे जाऊन आलो. जवळच बाबाबुदनगिरीचे डोंगर आहेत. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी साधूने हजहून परतताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया आणल्या आणि याच डोंगरात पेरल्या, अशी आख्यायिका आहे. मळ्यात शिरलो तेव्हा तो मळा न वाटता जंगलच वाटले. वर सिल्व्हर ओकसारखे उंच सावलीचे वृक्ष, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल आणि खाली माणसाच्या उंचीची कॉफीची झाडे. एकाच फांदीवर हिरवी, पिवळसर आणि लालभडक फळे शेजारी शेजारी लागलेली असतात. सामान्य मालासाठी फांदी ओरबाडली तरी भागते. उत्तम मालासाठी मात्र केवळ पिकलेले लाल फळ बोटांनी खुडावे लागते आणि त्याकरिता एकाच झाडापाशी तीन-चार वेळा परतावे लागते. प्रत्येक फेरीची मजुरी निराळी. खुडलेल्या फळांची साल त्याच दिवशी काढायची, बिया आंबवून धुवायच्या, उन्हात पसरून पुनःपुन्हा परतायच्या, रात्री दव पडू नये म्हणून झाकून ठेवायच्या. एका रात्रीची हयगय झाली तर वर्षाची चव बिघडते.

अशा मालाला जगभर ‘स्पेशालिटी कॉफी’ म्हणतात. तज्ज्ञ मंडळी ती चाखून १०० पैकी गुण देतात आणि ८० किंवा त्याहून अधिक गुण मिळाले तरच ती या पंक्तीला बसते. आम्ही मात्र त्या दिवशी निराळाच हिशेब शिकलो. एक किलो भाजलेली कॉफी व्हायला सुमारे सहा-सात किलो फळे लागतात. म्हणजे आमच्या एका कपासाठी कोणाच्या तरी बोटांनी चाळीसएक फळे एकेक करून खुडलेली असतात.

त्या घरच्या ओसरीवर वृद्ध वडिलांनी जुने दिवस सांगितले. १९४२ च्या कायद्याने कॉफी मंडळ स्थापन झाले. मळेवाल्याने आपला माल मंडळाच्या सामाईक साठ्यात द्यायचा, मंडळाने तो विकायचा आणि पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे, अशी रीत अनेक दशके चालली. हप्ते उशिरा येत म्हणून लोक कुरकुरत. पण कोणीतरी मध्ये उभे आहे एवढा आधार असे. १९९० नंतर ही पद्धत टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ पर्यंत लहान-मोठ्या सर्वांनाच आपला माल स्वतः विकण्याची मुभा मिळाली. स्वातंत्र्य मिळाले आणि त्याबरोबर पाच एकरांचा शेतकरी जगाच्या बाजारासमोर एकटा उभा राहिला.

तो बाजार कसा आहे? १९६२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये कॉफी पिकवणाऱ्या देशांच्या निर्यातीचे वाटे ठरवलेले होते, त्यामुळे भावाला काहीसा टेकू होता. जुलै १९८९ मध्ये ही वाट्यांची व्यवस्था मोडली आणि भाव गडगडले. २००१ च्या सुमारास तर ते पौंडाला पन्नास अमेरिकन सेंटच्या आसपास येऊन ठेपले. अनेक देशांतील लहान शेतकऱ्यांना तोडणीची मजुरीही त्यातून सुटेना.

याच संदर्भात एका धर्मगुरूचे स्मरण करणे आम्हांला अगत्याचे वाटते. हॉलंडमध्ये जन्मलेले फादर फ्रान्स व्हॅन डर हॉफ मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात आदिवासी कॉफी-शेतकऱ्यांमध्ये राहिले, त्यांच्याबरोबर शेतात राबले आणि १९८० च्या दशकात त्यांच्या ‘उसिरी’ या सहकारी संस्थेच्या उभारणीत सहभागी झाले. या शेतकऱ्यांचे म्हणणे होते की, आम्हांला भीक नको, आमच्या मालाचा योग्य भाव द्या. त्यातूनच १९८८ साली हॉलंडमध्ये ‘मॅक्स हॅवेलार’ या शिक्क्याची कॉफी बाजारात आली. जावा बेटावरील शेतकऱ्यांची डच अमलाखाली झालेली पिळवणूक मुलतातुली या लेखकाने १८६० साली ज्या कादंबरीत मांडली, तिच्या नायकाचे हे नाव. २०२४ साली फादर व्हॅन डर हॉफ निवर्तले, तेव्हा आम्ही रविवारच्या प्रवचनात त्यांचा गौरव केला होता आणि आपले धर्मग्रामही त्याच वाटेवर आहे, असे मोठ्या समाधानाने सांगितले होते. ते समाधान वर्षभरच टिकायचे होते.

ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला, व्हिएतनामचे पीकही घटले आणि भाव चढू लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका कॉफीने पौंडाला चार डॉलरची मर्यादा ओलांडली. तेथे एवढा भाव पूर्वी कधीच झाला नव्हता. उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्रातील एका कोपऱ्यात आम्ही ही बातमी वाचली. टेबलावर नेहमीचा कप होता आणि फायलीत नुकतेच आलेले त्या हंगामाचे बिल होते. बिलावर दर जुनाच होता. आम्ही बंगळूरच्या तरुणाला फोन केला. तो थोडा घुटमळला आणि मग म्हणाला, “फादर, व्यापारी त्यांच्या फाटकापाशी येऊन आपल्यापेक्षा जवळजवळ दीडपट देत होते. तरी त्यांनी आपली कॉफी बाजूला काढून ठेवली. मला म्हणाले, शब्द दिलेला आहे, फादरना काही सांगू नकोस.” मागाहून हेही कळले की त्या वर्षी तोडणीची मजुरी वाढली होती आणि घराच्या छपराचे काम त्यांनी पुढे ढकलले होते.

आम्ही बिलाच्या पाठीवर आकडेमोड केली. ज्यांना आपण चार पैसे अधिक देतो असे आम्ही गावभर सांगत होतो, त्यांनीच त्या वर्षी आम्हांला चार पैसे दिले होते. पस्तीस कुटुंबांच्या कॉफीतला एक हिस्सा त्यांच्या छपरातून आला होता.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही सर्व कुटुंबांना सभागृहात बोलावले आणि जसे घडले तसे सांगितले. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे राहिले. त्यांचा मुद्दा सरळ होता. “फादर, करार म्हणजे करार. भाव पडला असता तर आपण ठरलेला जास्त दर देतच राहिलो असतो ना? मग चढला तर त्यांनी सोसायला काय हरकत? दोन्ही बाजूंनी जोखीम सारखीच होती.” अनेकांनी माना डोलावल्या. हा युक्तिवाद पोकळ नाही. दिलेला शब्द वाऱ्यावर सोडायचा तर उद्या कोणी कोणावर विसंबावे?

तरीही जोखीम खरोखरच सारखी होती काय, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. कागदावर सही आमच्या एकट्याची होती. दुकानातली कॉफी निम्म्या किमतीला मिळू लागली असती, तर पस्तीसपैकी किती कुटुंबे टिकली असती? आम्हांला ठाऊक नाही आणि त्या कुटुंबांनाही ठाऊक नसावे. भाव पडला तर आपण गुपचूप पांगू शकत होतो. शेतकऱ्याला पांगता येत नाही. कॉफीचे रोप लावल्यावर पहिले फळ धरायला तीन-चार वर्षे जातात. एका हंगामाचा भाव पाहून मळा उपटता येत नाही.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात मजुरीविषयी जे शिकवले, ते येथे लागू पडते. मालक आणि मजूर यांनी आपसांत मजुरी ठरवली एवढ्यानेच न्यायाची पूर्तता होत नाही. गरजेपोटी किंवा अधिक वाईट काही होईल या भयापोटी दिलेल्या होकाराच्या तळाशी अन्याय असू शकतो. आमच्या शेतकऱ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती हे खरे. परंतु तीन वर्षांची शाश्वती मिळते म्हणून त्याने होकार दिला होता, आणि शाश्वतीची भूक ज्याला अधिक त्याचा होकार नेहमीच स्वस्तात मिळतो.

संत थॉमस अक्विनास यांनी खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार करताना एक बारीक गोष्ट नोंदवली आहे. खरेदी-विक्री ही दोघांच्या सामाईक हितासाठी आहे. तिचा भार एकावर अधिक आणि दुसऱ्यावर कमी पडता कामा नये. एखाद्या वस्तूपासून घेणाऱ्याचा मोठा फायदा झाला आणि विकणाऱ्याचे काहीच गेले नाही, तर विकणाऱ्याने केवळ त्या फायद्याकडे पाहून जादा पैसे मागू नयेत. मात्र घेणाऱ्याने आपण होऊन काही अधिक द्यावे, हे त्याच्या सचोटीला शोभणारे आहे. आमच्या बाबतीत तर विकणाऱ्याचे निश्चित काही गेले होते. त्याने मागितले नाही, हा त्याचा सद्गुण. पण त्याच्या सद्गुणाची ढाल करून आपले कर्तव्य टाळावे, हे आम्हांला पटेना. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली ‘कारितास इन वेरिताते’ या परिपत्रकात, खरेदी हे केवळ आर्थिक कृत्य नसून नैतिक कृत्यही आहे, असे बजावले आहे. दुकानातून पुडी घेताना ही शिकवण पाळणे अवघड जाते, कारण समोर कोणाचा चेहराच नसतो. आम्ही तर त्या ओसरीवर जेवलो होतो. ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय आमच्यापाशी उरलेली नव्हती.

व्यापाऱ्याविषयीही येथे न्यायाने बोलले पाहिजे. आम्ही त्याला मनोमन लबाड ठरवून मोकळे झालो होतो. वस्तुतः पावसाळ्यात घरात पैसा नसतो तेव्हा उचल देतो तो व्यापारी. उरलासुरला, डागी, कमी प्रतीचा माल उचलतो तोही व्यापारीच. आम्ही निवडक तेवढे घेतले, त्या मळ्याच्या एकूण पिकाचा जेमतेम पाचवा हिस्सा, आणि स्वतःला त्या घराचे आधारस्तंभ समजू लागलो. मधला माणूस काढून टाकला म्हणजे त्याची कामे नाहीशी होत नाहीत. ती कोणाला तरी करावी लागतात.

सभेत शेवटी एक वयोवृद्ध मावशी बोलल्या. वसईच्या वाडीत त्यांचे आयुष्य गेले. केळी दलालाकडे पाठवायची आणि पट्टी हाती येईल तेव्हाच भाव कळायचा, ते दिवस त्यांनी काढले आहेत. पुढे भाजीच्या पाट्या घेऊन त्या पहाटेच्या गाडीने मुंबईला जात. तेथील एका घरी त्यांचे बांधलेले गिऱ्हाईक होते, दर ठरलेला. त्या म्हणाल्या, “एका वर्षी पावसाने सगळी भाजी सडली, बाजारात दुप्पट भाव झाला. मी त्या बाईला जुन्याच दराने देत राहिले. दिवाळीला तिने मला साडी दिली. चांगली साडी होती. पण फादर, मला साडी नको होती. यंदा तुला तोटा झाला असेल ना गं, असे तिने एकदा विचारले असते तरी पुरे होते.”

सभागृह काही क्षण शांत राहिले. आमच्या मनात एक ठराव तयार होता. फरकाची रक्कम काढावी आणि पुनरुत्थान सणाची भेट म्हणून त्या कुटुंबाला पाठवावी, असे आम्ही ठरवून आलो होतो. मावशींच्या बोलण्यानंतर तो मांडण्याचे धाडस झाले नाही. जे देणे लागतो त्यालाच भेट म्हणणे म्हणजे देणे बुडवून वर आभार घेणे होय. आम्ही साडीच देणार होतो, आणि विचारले मात्र काहीच नव्हते.

त्या संध्याकाळी आम्ही फोन करून विचारले. पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो गृहस्थ म्हणाला, “होय फादर, यंदा जड गेले.” पूर्ण फरक घ्यायला तो तयार झाला नाही, शब्द आपणही दिला होता, असे त्याचे म्हणणे. अखेरीस अर्धा फरक घ्यायचे ठरले. आणि त्याने एकच मागणे घातले: “भाव पडेल त्या वर्षी आम्हांला सोडू नका.”

नवा कागद त्यानंतर झाला. बाजार कितीही खाली गेला तरी एका दराच्या खाली जायचे नाही; बाजार त्या दराच्या वर गेला तर बाजाराचा दर आणि त्यावर थोडे अधिक द्यायचे; आणि काही रक्कम पावसाळ्यापूर्वी आगाऊ पोचती करायची. हे लिहून झाल्यावर आमच्या ध्यानात आले की फादर व्हॅन डर हॉफ यांच्या धडपडीतून जी न्याय्य व्यापाराची चळवळ उभी राहिली, तिची रीत हीच आहे: तळाला एक हमी आणि वर बाजार गेला तर बाजारभाव. त्यांचा गौरव करताना आम्ही त्या नियमाचे पहिले अर्धेच वाचले होते. या वेळी कागदावर पस्तीस सह्या घ्यायच्या असे ठरवले. प्रत्यक्षात सव्वीसच झाल्या. नऊ कुटुंबांना वाढलेला दर झेपणारा नव्हता. त्यांना आम्ही दोष देत नाही. मुलांच्या फीपुढे कॉफी दुय्यमच आहे. खोटी सही करण्यापेक्षा नाही म्हणणे अधिक प्रामाणिक होते.

तर मग ठरलेला भाव न्याय्य असतो काय? आमचे उत्तर असे की तो न्यायाचा आरंभ असतो. शब्द पाळलाच पाहिजे. पण शब्द पाळण्याचा भार दोघांपैकी एकाच्याच खांद्यावर पडू लागला, तर दुसऱ्याने जवळ जाऊन विचारले पाहिजे. थेट खरेदी केल्याने न्याय आपोआप होत नाही. एवढेच होते की विचारण्याची वाट मोकळी होते आणि न विचारल्याचा दोष आपल्या पदरी येतो.

आणि ही वाट त्या ओसरीपाशी संपत नाही. बिलाच्या पाठीवर हिशेब करताना आम्हांला तोडणी करणाऱ्या बाया आठवल्या. त्या दिवशी मळ्यात आम्ही त्यांची बोटे पाहिली, त्यांच्या वेगाचे कौतुक केले, छायाचित्रही घेतले. त्यांना दिवसाकाठी काय मिळते आणि त्यांची नावे काय, हे मात्र विचारले नाही. अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी हाक मारते, असा इशारा संत याकोब यांच्या पत्रात आहे, आणि त्यावर आम्ही कित्येकदा प्रवचन दिले आहे. मालकाला योग्य भाव पोचला की मजुराला तो आपोआप पोचतो, असे मानून चालणे सोयीचे असते. पुढच्या वेळी तेथे जाऊ तेव्हा हे आधी विचारायचे, असे आम्ही ठरवले आहे. तोवर सकाळचा कप हाती घेताना त्या चाळीस फळांची आठवण राहो, एवढीच प्रार्थना.